दिवसातली सहावी अंघोळ

ऑफिसमधून दहा दिवसांची सुट्टी, बॅगेत सनस्क्रीन आणि मनात ‘काहीतरी चांगलं करायचंय’. थायलंडला जाऊन हत्तींच्या कॅम्पवर व्हॉलंटियरिंग करणं सध्या जाम ‘इन’ आहे. पण आपल्या या प्रेमाचं बिल नक्की कोण भरतंय?

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. टाइमशीट भरून झालेली, बॉस निघून गेलेला, आणि तेवढ्यात मोबाइल वाजतो. मैत्रिणीचा मेसेज. ‘सुट्टी सँक्शन!!! बीच-बिच नाही हां या वेळी. चियांग माईला हत्तींच्या कॅम्पवर व्हॉलंटियरिंग. सात दिवस. तू गेली होतीस ना? सांग ना कसं असतं!’ खाली एक लिंक. लिंकमध्ये फोटो. चिखलात बसलेलं हत्तीचं पिल्लू आणि त्याच्या गळ्यात हात टाकून खिदळणारी एक मुलगी.

मी टाइप केलं, ‘सॉलिड असतं.’ मग खोडलं. ‘फोनवर बोलू’ टाइप केलं. तेही खोडलं. शेवटी एक स्मायली पाठवली आणि लॅपटॉप बंद केला.

कारण मी खरंच गेले होते. आणि अस्साच एक फोटो माझ्याकडेही आहे.

त्याचं असं झालं. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक आळीपाळीने फुकेत-क्राबी करून आले. मला मात्र ‘काहीतरी वेगळं’ करायचं होतं. (हे ‘काहीतरी वेगळं’ प्रकरण आमच्या पिढीला फार महागात पडतं.) नेटवर शोधाशोध केली. ‘एथिकल’, ‘रेस्क्यू’, ‘नो रायडिंग’ हे तीन शब्द दिसले आणि मी खूश. सात दिवसांचे चौदा हजार बाट, म्हणजे तेव्हाच्या भावाने तेहतीस-चौतीस हजार रुपये. राहणं, जेवण आणि छातीवर हत्ती छापलेला टी-शर्ट त्यात फ्री. डिसेंबरात गेले. कॅम्पचं नाव सांगत नाही. तसे कॅम्प तिथे ढिगाने आहेत, एकट्यावर कशाला खापर फोडायचं?

पहिले तीन दिवस म्हणजे नुसता स्वर्ग. सकाळी उठून मक्याची ताटं तोडायची, टोपल्या भरायच्या, शेण उचलायचं. क्युबिकलमध्ये बसून पाठ धरलेल्या माणसाला शेण उचलण्यातही काय आनंद मिळतो हे केल्याशिवाय कळणार नाही. आणि दुपारी नदीवर अंघोळ. हत्तीण पाण्यात आडवी होते, तुम्ही बादलीने पाणी ओतता, ब्रशने तिची पाठ घासता, ती सोंडेतून फवारा उडवते, सगळे किंचाळतात, क्लिक, क्लिक, क्लिक.

चौथ्या दिवशी मला ताप होता म्हणून मी काठावर बसून होते. नुसती बसले आणि मोजायला लागले. व्हॉलंटियर फक्त आम्ही आठ जण, पण ‘हाफ डे’वाले पाहुणे शहरातून व्हॅनने येतात. सकाळी दोन बॅच, दुपारी तीन, मग आम्ही. तीच हत्तीण. आमची अंघोळ ही तिची त्या दिवसातली सहावी अंघोळ होती.

हत्ती अंघोळ झाली की काय करतो, ठाऊक आहे? अंगावर माती उडवून घेतो. तो मातीचा थर म्हणजे त्याचं सनस्क्रीन आणि डासांचं क्रीम, दोन्ही. आम्ही दिवसभर प्रेमाने तो थर घासून काढत होतो. ती वर येऊन माती उडवायला लागली की पुढची व्हॅन हजर.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. माहूत (थाई भाषेत ‘क्वान चांग’) माझ्याच वयाचा, डोंगरातल्या कारेन समाजातला पोरगा होता. हातात अंकुश नाही, काठी नाही. वेबसाइटवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. पण त्याची उजवी मूठ कायम बंद. हत्तीण पाण्यात बसायला कुरकुर करायला लागली की ती मूठ तिच्या कानामागे टेकायची आणि ती बसायची. संध्याकाळी मी खाणाखुणा करून विचारलं तेव्हा त्याने मूठ उघडून दाखवली. बोटभर लांबीचा खिळा.

‘व्हाय?’ मी विचारलं.

तो कसनुसं हसला. ‘यू इन वॉटर. शी व्हेरी बिग. आय अफ्रेड फॉर यू.’

म्हणजे खिळा माझ्यासाठी होता.

अंगण आणि जंगल

या एका वाक्यात सगळा फंडा आहे, पण तो डोक्यात शिरायला मला बरेच महिने लागले. कुत्रा, गाय, घोडा ही माणसाने हजारो वर्षं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पाळीव केलेली जनावरं. हत्तीचं तसं कधीच झालं नाही. आपण त्याला माणसाळवतो, पण प्रत्येक हत्तीला नव्याने, शून्यापासून. त्याच्या रक्तात जंगलच असतं. तीन-चार टनांच्या अशा जनावराजवळ दिवसाला पन्नास अनोळखी माणसं सोडायची, तर त्याने हलता कामा नये. आणि त्याने हलू नये याची सोय आधीच, लहानपणी करून ठेवलेली असते.

त्या सोयीला थायलंडमध्ये ‘फाजान’ म्हणतात. पिल्लाला आईपासून तोडायचं, लाकडी चौकटीत जखडायचं, आणि माणसाचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं बसेपर्यंत उपाशी ठेवायचं, टोचायचं, झोपू द्यायचं नाही. सगळीकडे हे सारख्याच क्रूरपणे होतं असं नाही, काही जण खाऊचं आमिष दाखवून शिकवतात. पण जो हत्ती आज निवांतपणे तुमच्या सेल्फीत उभा आहे, त्याला कधीतरी कुणीतरी ‘उभा राहा’ शिकवलेलं आहे, एवढं नक्की. पाठीवर बसलं नाही म्हणून ते शिकवणं काही पुसलं जात नाही.

आणि एवढं करूनही गॅरंटी नाहीच. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडच्या को याओ याई बेटावर हत्तिणीला अंघोळ घालताना स्पेनची एक तरुण विद्यार्थिनी त्या हत्तिणीच्या हल्ल्यात मरण पावली. ती कुठला स्टंट करत नव्हती. ती तेच करत होती जे मी केलं आणि जे माझी मैत्रीण करायला निघाली आहे.

बेकार हत्ती

आता तुम्ही म्हणाल, मग हे हत्ती तिथे आले कुठून? तर गोष्ट सुरू होते लाकडापासून. थायलंडमध्ये हत्ती जंगलातले ओंडके ओढायचे. १९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिण थायलंडमध्ये भयानक पूर आले, उघडेबोडके केलेले डोंगर खाली आले, शेकडो माणसं गेली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. निर्णय एकदम बरोबर. फक्त त्यामुळे एका रात्रीत हजारो हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले. काही जण हत्ती घेऊन बँकॉकच्या रस्त्यांवर भीक मागायला लागले. बाकीच्यांना पर्यटनाने उचललं. आधी हौद्यातली सफर आणि चित्रं काढणारे हत्ती. मग पाश्चात्त्य पर्यटकांना हौद्याची लाज वाटायला लागली, तशा पाट्या बदलल्या. ‘कॅम्प’चं ‘सँक्चुअरी’ झालं. हौदा गेला, बादली आली.

आणि ‘सँक्चुअरी’ हा शब्द पाटीवर लिहायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. थायलंडमध्ये जंगली हत्तीला वन्यजीव म्हणून संरक्षण आहे, पण पाळलेला हत्ती १९३९ च्या एका कायद्याखाली येतो. तो कायदा ओझ्याच्या जनावरांचा आहे, म्हणजे बैल-रेड्यांच्या रांगेत हत्ती. पूर्वी तर आठ वर्षांचा होईपर्यंत त्याचे कागद काढायची सक्तीच नव्हती. मग काय, जंगलातून पकडलेलं पिल्लू ‘आमच्याच हत्तिणीचं’ म्हणून खपवणं सोपं. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं होतं की, २०११ ते २०१३ या काळात किमान ७९ जंगली हत्ती थाई पर्यटनासाठी बेकायदा पकडले गेले. त्यातले बरेचसे शेजारच्या म्यानमारमधले. नंतर डीएनए नोंदणी आली, नियम कडक झाले.

२०१७ मध्ये ‘वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन’ने थायलंडसह आशियातल्या काही देशांत जवळजवळ तीन हजार पर्यटनातले हत्ती पाहिले. चारातले तीन वाईट अवस्थेत. तोकडे साखळदंड, काँक्रीटची जमीन, सोबतीला दुसरा हत्ती नाही.

मला विचाराल तर सगळ्यात मोठी धोक्याची घंटा म्हणजे ते पिल्लू. तेच, मैत्रिणीच्या लिंकमधलं. हत्तीण बावीस महिने गरोदर असते आणि पिल्लू त्यानंतर कित्येक वर्षं आईला चिकटून राहतं. म्हाताऱ्या, जखमी हत्तींना आसरा देणाऱ्या जागी दर सीझनला नवं कोरं पिल्लू येतं कुठून? आणि दोन वर्षांनी ते मोठं झालं की जातं कुठे? माझ्या कॅम्पवर पिल्लू होतं. आम्ही आठही जणांनी त्याला मिठी मारली. त्याची आई कुठेय, हे आठातल्या एकानेही विचारलं नाही. त्यात एक चक्क ह्युमन रिसोर्सेसची मॅनेजर होती.

व्हॉलंटियरच्या चांगुलपणाचा धंदा किती आरामात होतो याचं याहून भयंकर उदाहरणही थायलंडमध्येच आहे. कांचनाबुरीचं टायगर टेंपल. परदेशी पोरं-पोरी पैसे मोजून तिथे राहायची आणि वाघांच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायची. २०१६ मध्ये सरकारी पथक आत शिरलं तेव्हा १३७ जिवंत वाघ मिळाले आणि फ्रीझरमध्ये ४० बछड्यांची कलेवरं. दूध पाजणाऱ्या हातांपैकी बहुतेकांना वाटत होतं, आपण वाघ वाचवतोय.

‘डान्सिंग’ व्हिडिओ

माझ्याकडे फोटोसोबत एक व्हिडिओही आहे. संध्याकाळची वेळ, हत्तीण शेडमध्ये उभी, आणि आमच्यातल्या कुणीतरी लावलेल्या गाण्यावर ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डुलतेय. ‘शी इज डान्सिंग!’ असं मागे मीच ओरडलेय. तो व्हिडिओ मी दीड वर्ष कौतुकाने दाखवत होते.

मग जुलै २०२५ मध्ये आपल्याकडे नांदणीच्या मठातली महादेवी, म्हणजे माधुरी, हायकोर्टाच्या आणि मग सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’त गेली आणि कोल्हापूर पेटून उठलं. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही दोन पार्ट्या पडल्या होत्या. कोण बरोबर, कोण चूक हा वाद इथे नको, तो अजूनही डबे उघडताना निघतो. पण त्या दिवसांत बातम्यांमधून तिच्या पायांच्या दुखण्याबद्दल, संधिवाताबद्दल, सतत मान हलवण्याबद्दल वाचलं आणि मी गुपचूप तो व्हिडिओ उघडला. म्यूट करून पाहिला. गाणं नव्हतं तरी ती तशीच डुलत होती. एकाच तालात, डोळे कुठेच नाहीत. वर्षानुवर्षं एका जागी बांधलेल्या हत्तींना जडणारी ही सवय आहे. आपण मराठी माणसं हत्ती ‘डुलतोय’ म्हणून लहानपणापासून टाळ्या वाजवत आलोय, त्यामुळे मलाही ते गोडच वाटलं होतं.

मग जायचंच नाही?

इथे खरं तर लेख संपवता आला असता. ‘जाऊ नका’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण ते इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो आणि साठ-सत्तर वर्षं जगतो. हजारो माणसाळलेल्या हत्तींना सोडायला थायलंडमध्ये मोकळं जंगल उरलेलं नाही. जे जंगली हत्ती आहेत तेच शेतांत घुसतात आणि गावकऱ्यांशी त्यांच्या मारामाऱ्या होतात. पर्यटक आलेच नाहीत तर काय होतं हे २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. कोरोनात कॅम्प बंद पडले, चारा परवडेना. मे वांग भागातून शंभरच्या वर हत्ती आपापल्या माहुतांबरोबर डोंगरातल्या कारेन गावांकडे चालत निघाले. काही तर दीडशे किलोमीटर. एरवी कॅमेऱ्याने पिच्छा पुरवलेल्या त्या हत्तींना निदान पायाखाली माती मिळाली. पण गावात तरी किती दिवस पुरणार चारा? पर्यटक परतले तसे बरेच हत्तीही परतले.

माझा तो माहूत पोरगा व्हिलन नाहीच. हत्तीण त्याची नव्हती. मालक वेगळा, कॅम्पवाला वेगळा, ती भाड्याने आलेली. हा त्यातला सगळ्यात खालच्या पायरीवरचा नोकर. रात्री ताप उतरला का हे विचारायला तो लिंबू घेऊन आला होता.

‘वाचवण्या’तही गुंता आहे. एखादी संस्था मालकाला पैसे देऊन थकलेली हत्तीण विकत घेते. हत्तीण सुटली, छान झालं. पण हातात रोख आलेला मालक त्यातून तरुण हत्ती आणणार नाही कशावरून? यावर हत्तींसाठी आयुष्य घालवलेल्या माणसांचंही एकमत नाही. आणि नुसतं रायडिंग बंद केलं की झालं, असंही नाही. चियांग माई विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी कॅम्पांमधल्या हत्तींचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की, पाहुण्यांच्या हातची केळी आणि ऊस खाऊन, वर चालणं-फिरणं बंद झाल्याने हत्ती लठ्ठ होतायत. आपण प्रेमाने भरवलेला तो केळ्यांचा घड म्हणजे हत्तीचा बर्गर-कोक!

तरीही चांगल्या जागा आहेत. आणि त्यांची एक गंमत आहे. त्या थोड्या बोअर असतात.

श्रीलंकेचं उदाहरण घ्या. पिन्नावलाचं हत्ती अनाथालय १९७५ पासूनचं, जगप्रसिद्ध, रोज नदीवरची अंघोळ पाहायला ही गर्दी. तिथून काही तासांवर उडवलावेला १९९५ साली सुरू झालेलं एलिफंट ट्रान्झिट होम आहे. तिथेही अनाथ पिल्लंच येतात, पण पाहुण्यांना हात लावू देत नाहीत. ठरलेल्या वेळी, लांबून, दूध पिताना पाहायचं, बस्स. कारण ती पिल्लं मोठी झाली की परत जंगलात सोडायची असतात, आणि माणसाची सवय लागलेला हत्ती जंगलात सोडणं म्हणजे गावकऱ्यांना आणि त्यालाही संकटात टाकणं. अमेरिकेत टेनेसीला सर्कस आणि प्राणिसंग्रहालयांतल्या हत्तिणींसाठी १९९५ पासून मोठं आश्रयस्थान आहे. पाहुण्यांना हत्तींजवळ प्रवेशच नाही. बघायचंय? वेबकॅमवर बघा!

थायलंडमध्येही वारं फिरतंय. चियांग माईजवळच्या ‘चांगचिल’ने रायडिंग आणि अंघोळी बंद करून फक्त लांबून पाहण्याचा मार्ग धरला. हुआ हिनजवळची ‘वाइल्डलाइफ फ्रेंड्स फाउंडेशन’ २००१ पासून काम करतेय. २०२३ मध्ये एका हत्तिणीचा फोटो जगभर फिरला होता, आठवतोय? पंचवीस वर्षं पर्यटक वाहून पाठीचा कणा खचलेला, मधोमध खड्डा पडलेला. ती पाय लिन, याच संस्थेत राहते. इथे व्हॉलंटियर घेतात, आणि कामही असतं भरपूर. चारा कापा, ढीग उपसा, कुंपणं सांभाळा. आणि मे तेंगचं ‘एलिफंट नेचर पार्क’. तिथल्या सांगदुएन ऊर्फ लेक चैलर्ट या बाईंना २००५ मध्ये ‘टाइम’ने आशियातल्या हीरोंमध्ये निवडलं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या पुरात तिथे पाणी शिरलं आणि दोन हत्तिणी वाहून गेल्या. अशा वेळी चिखल उपसणारे हात आणि व्हॉलंटियरचे पैसे दोन्ही लागतात, हे नाकारून कसं चालेल?

मैत्रिणीला फोन

शेवटी रविवारी मी मैत्रिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. खिळ्यापासून व्हिडिओपर्यंत. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘अगं, पण तू तर फोटो अजून ठेवलायस की इन्स्टावर.’

ठेवलाय. दोनशे चौदा लाइक्स आहेत त्याला. काढावा की खाली खरं काय ते लिहावं, हे अजून ठरत नाहीये.

मग आम्ही दोघींनी मिळून एक मेल तयार केला आणि तीन कॅम्पांना पाठवला. हत्तींना हात लावता येतो का? रात्री हत्ती कुठे आणि किती लांब साखळीवर असतात? तुमच्याकडे पिल्लू असेल तर त्याची आई कुठेय? हत्ती तुमचे की भाड्याचे? माहुतांची राहायची सोय काय आहे? आणि हत्ती एखाद्या दिवशी आमच्यासमोर आलेच नाहीत, तर पैसे परत देता का? (हा शेवटचा प्रश्न ट्रिक आहे. ‘नाही, आले नाहीत तर नाही’ हे चांगलं उत्तर.)

पहिल्याचं उत्तर अकराव्या मिनिटाला आलं. ‘येस येस मॅडम, बेबी अ‍ॅव्हेलेबल, यू कॅन हग अँड बाथ, टेन पर्सेंट डिस्काउंट फॉर टू फ्रेंड्स.’

दुसऱ्याचं उत्तर आलेलं नाही.

तिसऱ्याचं तीन दिवसांनी आलं, चांगलं दोन पानी. हत्तींना हात लावता येणार नाही. काही दिवस ते झाडीत असतात, दिसणारही नाहीत. पावसाळ्यात जळवा आहेत. काम मुख्यतः गवत लावण्याचं आणि कुंपणाचं. गमबूट स्वतःचे आणावेत.

‘मग फोटो कसला काढायचा?’ मैत्रिणीचा मेसेज आला. त्याच्यापाठोपाठ दुसरा, ‘गमबूट कुठे मिळतात गं?’ मग तिसरा, ‘सांगते विचार करून.’

डिपॉझिट भरायची शेवटची तारीख येत्या बुधवारी आहे.